वीतभर आखूड

चौसाळ्याच्या स्टँडवरून हायवेकडं निघालं, की पत्र्याच्या दुकानांच्या रांगेत अगदी शेवटी, जुन्या टायरांच्या ढिगाऱ्याआड सुग्रीव मिस्त्रीचं गॅरेज लागतं. पाटी कधीचीच गंजून पडली. ती परत लावायची सुग्रीवला गरज वाटली नाही. गाडीचा गिअरबॉक्स खरखरायला लागला, की पाटोद्याकडचा माणूस असो नाहीतर केजकडचा, त्याला कुणीही सांगायचं, "सुग्रीवकडं ने." अलीकडं सांगणारा जरा थांबतो. मग म्हणतो, "ने, पण जवळ उभं राहून काम करून घे. पहिल्यावानी हात राहिला न्हाई मिस्त्रीचा."

सुग्रीवला हे ऐकू येतं. चहाच्या टपरीवर तर तोंडावरच येतं. तो बशीत चहा ओततो, फुंकतो, पितो आणि कामाला लागतो.

मुळातच बोलायला कंजूष माणूस. घरी बायको उज्ज्वला दोघांच्या वाटणीचं बोलते. गाडी दारात आली तरी सुग्रीव आधी पाना हातात घेत नाही. मालकाला गाडी चालू ठेवायला लावतो आणि डोळे मिटून बाजूला उभा राहतो, देवळात उभं राहावं तसा. ही खोड त्याला बीडच्या उस्तादांनी लावली. तरणेपण सगळं त्यांच्या हाताखाली गेलं. उस्ताद म्हणायचे, "पैले सुन, फिर खोल. खोलके क्या सुनेगा बे, नट गिरने की आवाज?" त्या एका वाक्यावर सुग्रीवनं संसार उभा केला. दोन खोल्या बांधल्या, पोरगी उजवली, गिअरबॉक्सवाला मिस्त्री म्हणून नाव केलं. त्या नावाला उतार लागला तो हनुमानच्या जीपपासून.

हनुमान लिंबागणेशकडचा. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याला त्यांची वस्ती. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं. सुग्रीव आणि तो सातवीपर्यंत एका बाकावर बसले. पुढं एकानं पाने उचलले, दुसऱ्यानं काठी. हनुमानची मेंढरं उन्हाळ्यात वरच्या माळावर असायची. वाडा वरच पडायचा, म्हणजे जाळी लावून मेंढरं कोंडायची आणि बिऱ्हाड शेजारी टाकायचं. वर पाण्याचा थेंब नाही. म्हणून हनुमाननं एका लिलावात चारी चाकं ओढणारी जुनी जीप घेतलेली. एक दिवसाआड पाण्याची पिंपं, ज्वारीचं पीठ, आजारी मेंढराचं औषध, सगळं तो त्या जीपमधून धोंड्यांच्या वाटेनं वर न्यायचा. धाकटा भाऊ पप्पू बायकापोरांसह वर वाड्यावर, आई बायनाबाई खाली वस्तीवर, आणि मध्ये हनुमान, हातमागाच्या धोट्यासारखा खालीवर. त्याची बायको मागंच वारली होती, पोरगी तेजश्री पाटोद्याला नांदत होती. जीपच त्याचा संसार.

मग बोराटीचा काटा डाव्या पायात मोडला. मेंढरामागं हिंडणाऱ्याला काटा म्हणजे काय, सुईनं उकरायचा, बिब्बा लावायचा. पण रक्तात साखर होती आणि ती कुणी कधी बघितलीच नव्हती. पाय काळा पडला तेव्हा दवाखाना आठवला. गुडघ्याखालून पाय गेला.

पाय गेला म्हणजे क्लच गेला. जीप दारात उभी राहिली. आता पप्पूला मेंढरं सोडून पाण्यासाठी खाली यावं लागायचं. तो खाली आला, की वर लांडगं. एका खेपेत कोकरं नेली. त्या दिवशी पप्पू वस्तीवर येऊन भावासमोर मटकन बसला.

"दादा, मी एकटा किती मरू? मेंढराकडं बघू का पाण्याकडं?"

"मंग काय म्हणतूस?"

"वाडा मोडू. व्यापारी रोज फोन करायलाय. मेंढरं देऊ अन् टेम्पो घेऊ. तुला घरात बसून खाऊ घालतो ना मी."

घरात बसून खाऊ घालतो, हे पप्पू मायेनंच बोलला. हनुमानला ते कुऱ्हाडीसारखं लागलं. शेवटी बायनाबाईनं मध्ये पडून तोड काढली, की अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, थांबायचं. तोवर हनुमाननं आपल्या हातानं जीप वर आणली आणि पाण्याची पाळी धरली, तर वाडा राहील. नाहीतर पप्पू म्हणेल ते.

हे ऐकून सुग्रीव वस्तीवर गेला. जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बिनक्लचची करू."

"बैल लावतूस का काय बे?" हनुमान बऱ्याच दिवसांनी हसला.

बीडच्या भंगारात अपघातातली एक गाडी पडली होती. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुग्रीवनं इंजिनासकट उचलून आणला आणि जीपमध्ये बसवला. डावा पाय लागायचाच नाही. उजव्या पायानं अॅक्सिलेटर, उजव्याच पायानं ब्रेक, झालं. सपाट रस्त्यावर जीप लोण्यासारखी पळाली. सुग्रीव स्वतः पिंपं भरून टेकडीला निघाला, आणि दुसऱ्याच वळणावर खालून असा काही आवाज झाला, की माळावरची टिटवी उडाली. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, मोडून पडला होता. नवा घातला. तोही मोडला.

बायनाबाईनं विचारलं, "काय दुखतंय हिचं?"

सुग्रीवनं मातीत काडीनं काढून दाखवलं. चारी चाकांना ताकद वाटून देणारी एक पेटी असते, ट्रान्सफर. ती गिअरबॉक्सच्या बुडाला टेकून असते. जुना गिअरबॉक्स होता आखूड. हा नवा लांब, त्यात त्याला वीतभर शेपूट. त्यानं ट्रान्सफर मागं ढकलली. आता तिथून मागच्या चाकांपर्यंत जागाच उरली नाही. तेवढ्यात बसणारा शाफ्ट हा एवढासा झाला, आणि जीप धोंड्यांसाठी उंच केलेली, म्हणून तो जवळजवळ उभाच राहिला.

"मावशी, बैलाचा दोर आखूड बांधला की तो कशी मान वाकडी करून ओढतो? तसं झालंय. मान मोडणारच."

"मंग आता?"

"शेपूट कापावं लागंल. ट्रान्सफर पुढं घ्यावी लागंल."

"काप की मंग. मपल्या लेकाचा पाय कापताना डॉक्टरनं एवढा इचार केला न्हाई."

सुग्रीवनं आयुष्यात शेकडो गिअरबॉक्स खोलले होते, पण कापला एकही नव्हता. साधा गिअरबॉक्स असता तर गोष्ट वेगळी. ऑटोमॅटिकच्या पोटात तेलाच्या वाटा असतात, माणसाच्या नसांसारख्या. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या मधूनसुद्धा अशी एक बारीक वाट जाते. कुठं कापायचं ते चुकलं, की गिअरबॉक्स उपाशी मरतो. तो शेपटीचं झाकण काढून नुसता बघत बसायचा. उज्ज्वला जेवायला हाक मारून दमायची.

"जेवायचं ताट त्या जीपखाली सरकवू का तुमच्या?"

"आलोच."

"आलोच म्हणताव अन् तितंच बसताव. सवत परवडली असती, तिला निदान भांडता आलं असतं."

माप ठरल्यावर तो शाफ्ट घेऊन बीडला सोमनाथच्या लेथवर गेला. सोमनाथ त्याचा जुना जोडीदार, उस्तादांच्याच हाताखालचा. तोंडानं फाटका, हातानं सोन्याचा.

"ऑटोमॅटिकच्या शाफ्टला कुणी हात लावतं व्हय बे? डोकं फिरलं का तुजं?"

"लावावा लागतोय."

"वरून काचेवानी कडक अन् आत मऊ असतंय हे. वरचं खरवडलं की ताकद गेली. दाते पाडीन मी, पण पुन्हा पाणी द्यावं लागंल. ते बिनसलं तर?"

पाणी देणं म्हणजे लोखंड तापवून लाल करायचं, तेलात विझवायचं आणि पुन्हा हलकं शेकायचं. त्यानं दाते कडक होतात. जास्त झालं की ठिसूळ, कमी झालं की मऊ. सुग्रीव म्हणाला, "तू दाते पाड. पाणी मी देतो."

दोघांनी मिळून ते काम केलं. शाफ्ट मापानं कापून त्यावर ट्रान्सफरच्या गिअरला बसतील असे दाते पाडले. शेपटीच्या जागी जाड पट्टीचं झाकण करून त्यात बेअरिंग आणि सील बसवलं. चेसिसचा आडवा दांडा पुढं सरकवला. पुढच्या चाकांकडचा शाफ्ट कापून आखूड केला, मागच्या चाकांकडचा नवा लांब करून घेतला. ट्रान्सफर वीतभर पुढं आली. जोडून झाल्यावर सुग्रीव जीपखाली उताणा पडून राहिला. मागचा शाफ्ट आता ऐसपैस, सहज उतरत चाकांकडं गेला होता. त्यानं उज्ज्वलाला हाक मारली.

"ये, बघ."

ती पदर खोचून वाकली. "काय बघू? काळं लोखंड हाय."

"नीट हाय ना पर?"

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका खूश दिसला नव्हता. "नीट हाय," ती म्हणाली.

टेकडीवर त्यानं भरल्या पिंपांसह दोनदा जीप नेली. क्रॉसनं हूं की चूं केलं नाही.

जीप वस्तीवर पोचली तेव्हा अखिती आठवड्यावर आली होती. बायनाबाईनं चाकाखाली लिंबं ठेवली, बोनेटवर भंडारा उधळला. हनुमान कुबडी टाकून आत चढला आणि अंगणात त्यानं दोन फेऱ्या मारल्या. म्हातारी डोळ्याला पदर लावून उभी राहिली. सुग्रीव वाकून बघायला गेला तर पेडलांना काहीतरी बांधलेलं दिसलं. अॅक्सिलेटरला बारीक घुंगरू, ब्रेकला एडक्याच्या गळ्यातली पितळी घंटी.

"हे काय रं?"

"असू दे," हनुमान म्हणाला. "दृष्ट लागू नये म्हणून."

गाडीला कुणी काळी बाहुली बांधतं, कुणी जोडा. धनगराच्या घरात घंटी बांधली, यात सुग्रीवला नवल वाटलं नाही. पण जाता जाता तो म्हणाला, "पप्पूकडं न्यायच्या आधी एक खेप माझ्यासंगं मार. वाट लई दिवसांनी करायलास."

"कावून? भरवसा न्हाई व्हय?"

"गाडीवर हाय. तुझ्यावर न्हाई," सुग्रीव म्हणाला, आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. वर जायला काही अडचण आली नाही. ट्रान्सफरचा लहान गिअर टाकला, की जीप मुंगीच्या चालीनं आपली आपण चढते. हनुमान मान जरा तिरकी करून, कान खाली दिल्यासारखा बसला होता. सुग्रीव काही बोलला की म्हणायचा, "गप बस बे, इचार मोडतो." निम्म्या चढावर पवनचक्कीच्या ओट्यापाशी मोकळी जागा आहे, तिथून जीप फिरवली.

उताराला लागले आणि धोंडे सुरू झाले. जीप हिंदकळायला लागली. घुंगरू वाजायला लागलं, घंटी वाजायला लागली, दोन्ही एकदम, थांबेचनात. हनुमानच्या कपाळावर घाम आला.

"ब्रेक," सुग्रीव म्हणाला.

जीप हळू व्हायच्या ऐवजी इंजिननं सूर वर नेला.

"ब्रेक मार, हनुमान!"

"मारलाय की!"

हनुमाननं झटक्यात मान खाली घालून पायाकडं बघितलं, आणि तेवढ्यात वळण आलं. सुग्रीवनं हँडब्रेक खेचला, किल्ली बंद केली, स्टिअरिंगला हात घालून जीप डोंगराच्या अंगाला घातली. ती मुरमाच्या ढिगाऱ्यात घुसून थांबली. दुसऱ्या अंगाला दरी होती. जीप थांबली तरी घंटी थोडा वेळ डुलत राहिली.

सुग्रीव वाकला. हनुमानचा पाय अजून अॅक्सिलेटरवरच होता, घट्ट दाबलेला. सुग्रीवनं हळूच त्याची वहाण काढली. पायाच्या अंगठ्याला करकचून चिमटा घेतला. नख रुतेपर्यंत घेतला.

हनुमान पलीकडं दरीकडं बघत होता. म्हणाला, "खाली काय शोधायलास? वाचलो ना. चल, काढ गाडी मागं."

सुग्रीवला कळलं. ती घुंगरं कशासाठी होती तेही कळलं. पाय कुठं टेकलाय ते पायाला समजत नव्हतं, म्हणून हा माणूस कानानं समजून घेत होता. मेंढरू अंधारात कुठं चाललंय ते जसं घंटीवरून ओळखायचा, तसं. सपाट अंगणात ते जमत होतं.

त्यानं पाय उचलून बघितला. घोट्याजवळ रुपयाएवढा फोड, फुटून पांढरा पडलेला. गरम सायलेन्सरला लागला असणार, आणि हनुमानला पत्ताच नाही. तळव्याला भेग, आत ओल.

"कधीपासून?"

हनुमाननं पाय सोडवून घेतला. मग म्हणाला, "पहिला गेला त्याच्या आधीपासून थोडं थोडं. आता समदाच."

"अन् मला सांगितलं न्हाई. मी उन्हाळा घातला ह्या शाफ्टात."

"सांगितलं असतं तर घातला असतास का?"

मुरमाच्या ढिगाऱ्यावर दोघं बसले. वर पवनचक्कीचं पातं भरभर आवाज करत फिरत होतं.

"ही जीप तू चालवायची न्हाई," सुग्रीव म्हणाला.

"हळूहळू नेईन की. हातानं रेस द्यायची सोय कर, ट्रॅक्टरला असती तशी."

"अन् ब्रेक? ब्रेकला काय करू, पप्पूच्या पोरांना संगं बसवू? पिंपांवर बसूनच वर जातेत ती तुझ्यासंगं."

हनुमाननं मान खाली घातली. त्याला ती दोन्ही पोरं दिसली असणार, पिंपांवर मांडी घालून बसलेली. मग तो फार हलक्या आवाजात बोलला.

"मायला सांगू नको, सुग्रीव. पहिला पाय कापला तवा तिनं आठ दिस तोंडात घास घेतला न्हाई. हा बी चाललाय म्हणल्यावर ती मरंल. पप्पूला बी नको. तो कीव करंल. शिव्या दिलेल्या चालतेत मला, कीव न्हाई चालत."

"मंग काय सांगू? जीप वर कावून न्हाई येत म्हणून सांगू?"

हनुमान त्याच्याकडं बघत राहिला. मागायची त्याची जीभ झाली नाही. सुग्रीवच म्हणाला.

"मी म्हणतो शाफ्ट गेला. पाणी बसलं न्हाई, चीर पडली म्हणतो. माझ्या हातून बिघडलं. पर तू माझ्यासंगं बीडला यायचं. पाय दाखवायचा."

"तुपलं नाव जाईल."

"येतूस का न्हाई ते सांग."

"येतो," हनुमान म्हणाला.

वस्तीवर सुग्रीवनं तसंच सांगितलं. बायनाबाईला ते लगेच पटलं नाही. पप्पूला तर मुळीच नाही. तो दुसऱ्या दिवशी वरून उतरून थेट चौसाळ्याला गॅरेजवर आला.

"पैल्या दोन खेपा वर गेली म्हणता अन् आता चीर? दाखवा मला चीर."

"खोलावं लागंल."

"खोला. मी परवा येतो. दादाला घेऊनच येतो. दुसरा शाफ्ट करता येत असंल तर करा, अखितीला टाइम हाय अजून. न्हाई म्हणत असाल तर तसं तोंडावर सांगा."

तो गेल्यावर सुग्रीवनं जीप आत घेतली. गिअरबॉक्स उतरवला, शाफ्ट बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला. चीर कुठली असायला? दाते एकासारखे एक, कुठं ओरखडासुद्धा नाही. हाताला गार लागत होता. त्यानं तो उजेडात फिरवून फिरवून बघितला. मग शटर अर्धं खाली घेतलं आणि गॅसची नळी पेटवली.

लोखंड बिघडवायचं कसं, हेही चांगल्या मिस्त्रीलाच ठाऊक असतं. दात्यांच्या मुळाशी त्यानं ज्योत धरली. लाल झालं, पिवळं झालं, तसा शाफ्ट उचलून त्यानं थंड पाण्याच्या बादलीत घातला. वाफ उठली. बाहेर काढून बघितलं तर काही नाही. त्यानं आणि सोमनाथनं इतकं नीट केलेलं काम मोडायलाही राजी नव्हतं. पुन्हा तापवलं, पुन्हा बुडवलं. बऱ्याच वेळानं बादलीच्या तळातून टिंग असा एक आवाज आला, बांगडी फुटावी तसा. सुग्रीव पाट टाकून तिथंच बसला.

उज्ज्वला चहा घेऊन शटरखालून वाकून आत आली. बादलीकडं बघितलं, नळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "हे काय केलं तुमी?"

"गेला. चीर पडली."

"पडली का पाडली?"

त्यानं बादली पायानं बाजूला सारली. तिनं चहाचा कप जवळ ठेवला. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या वाटणीचंसुद्धा गप्प राहिली.

पप्पू आला, सोबत हनुमान. बायनाबाईही हट्टानं आली होती. सुग्रीवनं शाफ्ट फडक्यावर ठेवून दाखवला. दात्यांच्या मुळापासून केसासारखी काळी रेघ तिरकी गेली होती. पप्पूनं नख घालून बघितलं. नख अडकलं.

"घाटात मोडला असता तर?" त्यानं विचारलं.

"मंग चढाला ताकद बी न्हाई, उताराला इंजिनानं धरणं बी न्हाई. गाडी मोकळी सुटली असती."

"अन् असल्या गाडीत आमच्या दादाला बसवलंत? तुमी?"

"चुकलं."

"दुसरा?"

"माझ्यानं व्हत न्हाई."

पप्पूनं शाफ्ट भावाच्या हातात दिला. हनुमाननं तो मांडीवर घेतला. चिरेवरून अंगठा फिरवला, मग मागच्या चांगल्या दात्यांवरून फिरवला, एकेक करून. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं.

"असलं काम केलंस व्हय बे?" तो म्हणाला. आवाज फाटला. बायनाबाईला तो राग वाटला. ती सुग्रीवकडं वळून म्हणाली, "पोरा, झेपत न्हाई तर हात घालू नये मानसानं. आस लावली त्वा त्याला." आणि उज्ज्वलानं पुढं केलेला चहा तिनं हातानंच मागं सारला. या घरचा चहा तिनं याआधी कधी नाकारला नव्हता.

अखितीच्या आधीच व्यापाऱ्याचा ट्रक टेकडीखाली लागला. मेंढरं फळीवरून वर चढवताना पप्पू सगळ्यांना सांगत होता, मिस्त्रीनं शाफ्ट कापला आणि आमचा वाडा बुडवला. लिंबागणेशच्या बाजारात ते सांगून झालं, तिथून पाटोद्याला गेलं, पाटोद्याहून बीडला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोमनाथ मोटारसायकलवरून आला तो शिव्या देतच.

"माझ्या लेथवरचं काम बिघडलं म्हणून गाव बोलायलंय! दाते मी पाडले, सुग्रीव. दाखव, कुठं चुकलो मी?"

"तू न्हाई चुकला. पाणी मी दिलं. जास्त कडक झालं."

"खोटं! मी संगं होतो. कानस घासून कडकपणा बघितला होता दोघांनी." त्यानं कोपऱ्यातला शाफ्ट उचलला, चिरेपाशी नाकाजवळ धरला, निळा पडलेला डाग बोटानं पुसून बघितला. तोही उस्तादांच्याच हाताखालचा होता. नंतर बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "हा डाग तेलाचा न्हाई. पाण्यात कावून बुडवलास?"

"समद्यांना सांग माझंच चुकलं म्हणून. तुपलं नाव कुठं येऊ देणार न्हाई मी."

"मी ते इचारलं न्हाई."

सुग्रीव पाना पुसत राहिला. सोमनाथनं शाफ्ट परत कोपऱ्यात टाकला आणि तो निघून गेला. त्यानंतर लेथचं काम सुग्रीव दुसरीकडून करून घेतो. सोमनाथ भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.

दवाखान्याच्या दिवशी सुग्रीव फाट्यावर मोटारसायकल लावून उभा होता. हनुमान येतोय का नाही, याची खात्री नव्हती. उन्हं चढली तेव्हा तो रिक्षातून उतरला, कुबडी सावरत. आईला काय सांगून आला ते सुग्रीवनं विचारलं नाही. हनुमान मागं बसला. उजवा पाय पायदानीवर टेकला का नाही हे त्याला कळत नव्हतं, म्हणून सुग्रीवनं उतरून तो हातानं उचलून पायदानीवर नीट ठेवला. मांजरसुंब्याचा घाट उतरून दोघं बीडला पोचले.

दवाखान्यात तपासणारी डॉक्टरीण तरणी होती. तिनं पायाला सुई टोचली, पिना टोचल्या, डोळे मिटायला लावून विचारलं. हनुमान प्रत्येक वेळी "न्हाई" म्हणाला. दोन बोटं तर काढावीच लागतील, ती म्हणाली. पुढचं आत्ता सांगता येत नाही, पाय वाचेलही. लवकर आणायला हवं होतं. सोबत कोण आहे, तिनं विचारलं. हनुमान म्हणाला, "भाऊ."

भरती करून घेणाऱ्या खिडकीसमोर रांग मोठी होती. दोघं भिंतीला टेकून बाकावर बसले. समोर एका म्हातारीनं भाकरीचं फडकं सोडलं होतं, तिची नात तिला भरवत होती. हनुमान तिकडं बघत म्हणाला,

"शाफ्ट खरंच फोडलास?"

"व्हय."

"जुना एखादा दाखवला असतास पप्पूला. त्याला काय कळतंय."

"माझ्याकडं दुसरा न्हवता."

रांग थोडी पुढं सरकली. सुग्रीवनं कुबडी उचलून त्याच्या हाताशी दिली.

"उतरताना मी बघितलं न्हाई नीट," हनुमान म्हणाला. "पर चढताना बघत होतो. एकदा बी कण्हली न्हाई जीप. चांगला झालता बे."

"व्हय."

"लई चांगला झालता."

सुग्रीव उठला आणि खिडकीपाशी जाऊन हनुमानचं नाव, गाव, वय सांगायला लागला.